मॉरिशसच्या उसाच्या जमिनी आधी कुणाच्या होत्या? जुन्या कागदांतून मालकी शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी 'मोरस साखर' हा शब्द असायचा. मॉरिशसहून येणारी पांढरी साखर ती मोरस. तो ऊस पिकवायला एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूंची माणसं मुंबई बंदरातून करारावर त्या बेटावर गेली. त्यांचे पणतू, खापरपणतू आज तिथे राहतात, घरी गणपती बसवतात. त्यांतल्या काही घरांत एक पिवळा पडलेला दस्त जपून ठेवलेला असतो. फ्रेंच घरात सगळ्यांना येतं, पण ते वळणदार जुनं अक्षर आणि कायद्याची भाषा लागत नाही. मी अशा घरांना आणि इकडे कोकणात राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांना कागद लावायला मदत करते. पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शोधाला सुरुवात कुठून करायची?

आजच्या कागदापासून, आणि तिथून मागे. बहुतेक जण उलटं करतात. अठराव्या शतकातल्या एखाद्या फ्रेंच जहागीरदाराचं नाव कानावर आलेलं असतं, आणि तिथून खाली उतरत आपल्या पणजोबांपर्यंत पोचायचा प्रयत्न चालतो. मधे त्या जमिनीचे शंभर तुकडे झालेले असतात, त्यामुळे वाट चुकणारच.

घरात जो सगळ्यात अलीकडचा दस्त असेल तो समोर घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, दस्त कोणत्या नोटरीपुढे आणि कोणत्या तारखेला झाला. दुसरी, नोंदणीचा खंड आणि क्रमांक. दस्तांत तो 'टी.व्ही.' या आद्याक्षरांनी येतो, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन व्हॉल्यूम. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. दस्तात 'ओरिजिन द प्रोप्रिएते' नावाचा एक भाग असतो. विकणाऱ्याकडे ही जमीन कुठून आली, त्याआधी कुणाकडे होती, कोणत्या दस्ताने आली, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्या खरेदीखतात 'सदरहू मिळकत आम्हांस अमुक दस्ताने प्राप्त झाली' असं कलम असतं, तसंच. फक्त तिकडे ते पुष्कळदा दोन-तीन पिढ्या मागे जातं. त्यात उल्लेखलेला मागचा दस्त काढायचा, त्यातला 'ओरिजिन' वाचायचा, मग त्याच्या मागचा. सगळा शोध असा एकेका पायरीने होतो.

तिथे सातबारा नाही का?

नाही, आणि हा फरक आधीच मनात पक्का बसला तर पुढची निम्मी चिडचिड वाचते.

आपल्याकडे सर्व्हे नंबर सांगितला की सातबारा निघतो, फेरफार निघतात, जमिनीवरून माणसापर्यंत जाता येतं. मॉरिशसमध्ये कितीतरी काळ उलटं होतं. 1863 साली दस्त उतरवून घेण्याचा आणि गहाण नोंदवण्याचा कायदा आला, त्याची पुस्तकं राजधानी पोर्ट लुईत रजिस्ट्रार जनरलच्या खात्यात असतात. पण तिथे माणसाच्या नावावरून जमीन शोधावी लागते. कुणी विकली किंवा कुणी घेतली हे ठाऊक नसेल तर पुस्तक उघडूनही हाती काही लागत नाही. संपूर्ण बेटाची तुकड्यानिहाय मोजणी आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक ही व्यवस्था 2011 च्या सुमारास आली. त्यामुळे आजचा तुकडा क्रमांकाने सापडतो, पण त्याचा इतिहास नावांनीच शोधावा लागतो.

जागा ओळखायची ती चतुःसीमेवरून. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस सामाईक रस्ता. शेजाऱ्यांची नावंही टिपून ठेवा. आपल्या माणसाचा दस्त सापडत नसेल तेव्हा शेजाऱ्याच्या दस्तातल्या चतुःसीमेत त्याचं नाव भेटतं. हा आडमार्ग मला अनेकदा कामी आला आहे.

मुळात पहिला मालक कोण?

आपल्या गावात पहिला मालक शोधायला गेलं तर वतन, इनाम, खोती यांच्या थरांखाली हात घालावा लागतो. मॉरिशसवर मूळ वस्तीच नव्हती. डच 1638 मध्ये आले आणि 1710 मध्ये बेट सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, बेटाला 'ईल द फ्रांस' नाव दिलं, आणि त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने जमिनी वाटायला सुरुवात केली. या वाटपाला 'कोंसेसियाँ' म्हणतात. 1767 च्या सुमारास बेट कंपनीकडून फ्रेंच राजाकडे गेलं आणि वाटप राजाच्या नावाने होऊ लागलं. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, चालीरीती आणि मालमत्ता जशाच्या तशा राखण्याचं वचन दिलं. म्हणून राज्य बदललं तरी मालकीची साखळी तुटली नाही.

सरकारी वनजमिनी सोडल्या, तर मागे मागे जाता प्रत्येक साखळी अशा एखाद्या कोंसेसियाँपाशी थांबते. त्या कागदांत 156.25 आर्पां (आर्पां हे तिथलं जमिनीचं माप, त्याचा हिशेब पुढे आहे) हा आकडा वारंवार दिसतो. 2,500 फ्रेंच फूट लांब आणि तितकाच रुंद असा तो चौरस. आकडा चमत्कारिक वाटला तरी नक्कल करणाऱ्याची चूक समजू नका.

हे वाटप ज्यांना झालं त्यांची नावं कागदावर आहेत. जंगल तोडून, दगड उचलून ती जमीन लागवडीला ज्यांनी आणली, ती मादागास्कर, मोझांबिक आणि भारतातूनही पकडून आणलेली गुलाम माणसं होती. त्यांची नावं कुठे भेटतात ते पुढे येईल.

आर्पां म्हणजे किती गुंठे?

एक आर्पां म्हणजे सुमारे 4,221 चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेबेचाळीस गुंठे; आपल्या एकराहून किंचित मोठा. एका आर्पांचे शंभर पेर्श. लांबी तुआझमध्ये मोजत. एक तुआझ सहा फ्रेंच फुटांचा, म्हणजे दोन मीटरला थोडा कमी. फ्रेंच फूट इंग्रजी फुटापेक्षा मोठा असतो. इंग्रजी फूट धरून हिशेब केलात तर क्षेत्र कमी भरेल आणि कुणीतरी जमीन खाल्ली असा विनाकारण संशय येईल.

तिथला 'नोटरी' म्हणजे आपला शिक्का मारणारा नोटरी का?

नाही. फ्रेंच पद्धतीचा नोटरी हा मोठा अधिकाराचा माणूस. जमिनीचा व्यवहार त्याच्यासमोर होतो, मसुदा तो करतो, आणि सह्यांची मूळ प्रत, म्हणजे 'मिन्यूत', त्याच्याच दप्तरात राहते. तुमच्या घरात जी असते ती नक्कल. तो निवृत्त झाला किंवा वारला की दप्तर त्याच्या जागी येणाऱ्याकडे जातं, आणि जुनी दप्तरं शेवटी राष्ट्रीय पुराभिलेखागारात जमा होतात. म्हणून घरचा कागद वाळवीने खाल्ला म्हणून हताश होऊ नका. नोटरीचं नाव आणि साल माहीत असेल तर मूळ प्रत सापडण्याची चांगली शक्यता असते.

प्रत्येक नोटरी 'रेपेर्त्वार' ठेवायचा. तारीखवार नोंदवही ती, आज कुणाचा कोणता दस्त झाला याची. नेमकी तारीख ठाऊक नसली तर आधी रेपेर्त्वार मागा आणि ओळीने वाचत जा. वेळ लागतो, डोळे दुखतात, पण याला दुसरा उपाय नाही.

फ्रेंच काळासाठी आणखी एक आधार आहे. 1776 च्या फर्मानाने वसाहतींतल्या नोटरी दस्तांच्या आणि जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींच्या दुसऱ्या प्रती फ्रान्सला पाठवणं सक्तीचं झालं. त्या प्रती आज दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हाँस गावी, समुद्रापारच्या वसाहतींच्या पुराभिलेखागारात आहेत. बेटावरची प्रत दमट हवेने गेली असेल तर तिकडची बघावी.

मळ्याच्या जुन्या खरेदीखतात माणसांची यादी आहे. ती कशाची?

ती गुलामांची यादी आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो. ती आपल्या पणजोबांच्या दीड आर्पांचा माग काढत मागे गेली होती, आणि एका जुन्या मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत तिला खेचरं, कढया, बैलगाड्या आणि त्यांच्या शेजारी माणसं दिसली. प्रत्येकाचं नाव, वय, कुठला, काय काम करतो, आणि किंमत.

1723 च्या राजाज्ञेने या बेटांवर गुलामांना जंगम मालमत्ता ठरवलं होतं. त्यामुळे मळा विकला, गहाण पडला, मालक वारला, प्रत्येक वेळी माणसांची यादी झाली. मृत्यूनंतरच्या या याद्यांना 'आंव्हांतेर' म्हणतात. नुसती जमिनीची साखळी जोडायची म्हणून त्या ओलांडून पुढे जाऊ नका. त्या माणसांचे वंशजही आज बेटावर आहेत आणि तेही आपली माणसं शोधत आहेत. तुम्हाला यादी सापडली तर निदान नोटरी, तारीख आणि मळ्याचं नाव टिपून ठेवा. त्यांच्यातल्या कुणाला ते उपयोगी पडेल.

यादीत 'मलबार' दिसलं तर लगेच केरळ समजू नका. त्या काळात बेटावर हा शब्द सरसकट हिंदुस्थानी माणसाला लावत.

इंग्रजांच्या काळात, 1815 च्या सुमारास, गुलामांची सरकारी नोंदणी सुरू झाली. मळ्यावरचे गुलाम आणि घरकामाचे गुलाम यांच्या नोंदी वेगळ्या ठेवत. 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. साऱ्या साम्राज्यासाठी ठरलेल्या 2 कोटी पौंडांपैकी सुमारे 21 लाख मॉरिशसच्या वाट्याला गेले. मुक्त झालेल्या माणसांना मात्र पैसा मिळाला नाही; उलट 1839 पर्यंत 'उमेदवार' या नावाखाली त्याच मालकांकडे राबावं लागलं.

मालकी शोधणाऱ्याच्या दृष्टीने हे भरपाईचे कागद फार महत्त्वाचे आहेत. दावा करणाऱ्याला आपला हक्क सिद्ध करावा लागे. खरा मालक कोण, सावकार कोण, मयताचा वारस कोण, हे सगळं तिथे उघडं पडतं. मळा कागदोपत्री एका फ्रेंच घराण्याचा, पण भरपाई उचलली पोर्ट लुईतल्या किंवा लंडनच्या व्यापारी पेढीने, असंही निघतं. हे दप्तर लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय पुराभिलेखागारात 'टी 71' या मालिकेत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने भरपाईचे दावेदार शोधता येतील असा एक खुला संग्रह इंटरनेटवर ठेवला आहे, तोही पाहा. वसाहतीच्या सरकारचा लंडनशी झालेला पत्रव्यवहार क्यूमध्येच 'सी.ओ. 167' या मालिकेत मिळतो.

आमचे पणजोबा तर करारावरचे मजूर होते. त्यांच्या नावे जमीन कशी?

विकत घेतली म्हणून. यावर इतक्या लोकांचा विश्वास बसत नाही की मला हे जोर देऊन सांगावं लागतं.

2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले आणि आंत्वानेत नावाच्या मळ्यावर गेले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबईहून. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. करार संपल्यावर काही परतली, पुष्कळ राहिली. राहिलेल्यांनी भाजी लावली, गाई पाळल्या, दूध विकलं, पै-पै जमवली.

दुसरीकडे मळेवाले अडचणीत येत होते. युरोपात बीटची साखर वाढली, भाव पडले. 1866 ते 1868 च्या मलेरियाच्या साथीने हजारो माणसं गेली. 29 एप्रिल 1892 च्या चक्रीवादळाने कारखाने आणि ऊस दोन्ही झोपवले. एकेकाळी बेटावर अडीचशेहून जास्त साखर कारखाने होते; लहान कारखाने बंद पडू लागले, मळे एकत्र होऊ लागले, आणि रोख पैशासाठी मालकांनी कडेची, दगडाळ, दूरची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. हेच 'मोर्सेलमाँ'. पहिली लहान लाट 1839 नंतर आली होती, आणि तेव्हा गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी तुकडे घेतले. मोठी लाट 1880 च्या आसपास सुरू झाली, आणि तिच्यात हिंदुस्थानी मजूर आणि त्यांची मुलं मालक झाली.

पुष्कळदा मधे एखादा सरदार असे. मुकादमाला तिथे सरदार म्हणतात. तो मोठा तुकडा एकदम घ्यायचा आणि पाव, अर्धा, एक आर्पां असा लहान लोकांना विकायचा. म्हणून तुमच्या पणजोबांच्या दस्तात विकणारा गोरा मळेवाला नसून कुणी हिंदुस्थानी नाव असेल तर शोध तिथे संपवू नका. त्याचा दस्त काढा, त्यामागे मळा आहे.

पैसे हप्त्याने देत. यात एक खाच आहे. सगळे हप्ते फिटेपर्यंत विकणाऱ्याचा जमिनीवर बोजा राही, आणि हप्ते थकले तर विक्री रद्द होऊ शकत असे. म्हणून खरेदीखत सापडल्याच्या आनंदात थांबू नका. त्याच्या समासातल्या नोंदी वाचा, पावतीचा दस्त शोधा, बोजा उतरल्याची नोंद आहे का ते पाहा. ती नसेल तर जमीन कदाचित दोन-तीन वर्षांतच परत गेलेली असेल, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली 'आपली जमीन लुबाडली' ही गोष्ट प्रत्यक्षात कर्ज न फिटल्याची असेल. हे ऐकायला कठीण जातं. पण आधी कागद बघावा, मग राग धरावा.

बेटावर फिरलात तर उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग दिसतील. शेतातून वेचून, हाताने रचलेले. तिथली जमीन कशी होती आणि ती कुणी सरळ केली, हे ते ढीग सांगतात.

दस्तातलं नाव आमच्या पणजोबांचंच कशावरून? स्पेलिंग काही जुळत नाही.

नावाच्या मागे लागू नका, नंबर शोधा.

उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. तो जन्मभर त्याचाच. बाईला वेगळा, सोबतच्या मुलालाही वेगळा. नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, अंगावरची खूण, आणि पहिल्यांदा कोणत्या मळ्यावर दिलं ते असतं. 1860 च्या दशकापासून काहींचे फोटोही आहेत. ही सगळी दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि वंशजांना तिथून उतारा मिळतो.

आता यातली किल्ली. नोटरीपुढे हिंदुस्थानी माणूस उभा राहिला की ओळख पटवायला त्याच्या नावापुढे हा क्रमांक लिहीत. जन्म-मृत्यूच्या नोंदींतही आईबापांचे क्रमांक येतात. एकीकडे मजुराचं दप्तर, दुसरीकडे मालमत्तेचं. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांची, वेगळ्या भाषांतली, वेगळ्या इमारतींतली. या दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे हा पाच-सहा आकडी क्रमांक.

समजा 1894 च्या एका दस्तात 'साकारम' नावाच्या कुणी अर्धा आर्पां घेतला आहे. तो सखाराम तुमचाच का? क्रमांक घेऊन महात्मा गांधी संस्थेत जा. नोंदीत सखाराम, बाप बापू, जिल्हा रत्नागिरी, उजव्या गालावर व्रण असं निघालं आणि तुमच्या आजीच्या जन्मनोंदीत तिच्या वडिलांचा हाच क्रमांक असला, तर शंका उरत नाही. नुसत्या नावावर भरवसा ठेवला असता तर त्याच दशकातले आणखी चार सखाराम समोर आले असते.

क्रमांक नसेल, नावानेच शोधावं लागत असेल, तर कारकुनाच्या कानाने ऐकायला शिका. फ्रेंच माणसाला 'ह' उच्चारता येत नाही, म्हणून 'हरी' हे नाव 'अ'च्या पानांवर शोधा. 'भ', 'ध', 'ख' यांतला हकार गळतो. 'बाळू'चा 'बालू' होतो. 'ऊ'साठी इंग्रज कारकून दोन 'ओ' लिहितो, फ्रेंच कारकून 'ओ' आणि 'यू'. 'श'चा कधी 'स', कधी 'च'. आडनाव तर बहुधा नसतंच. आलेल्या माणसाचं पहिलं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं, म्हणून आजच्या आडनावात पणजोबांचं नाव लपलेलं असतं.

बेटावर जन्मलेल्या मुलांना क्रमांक नसे. दस्त दुसऱ्या पिढीच्या नावे असेल तर आधी जन्मनोंद काढा आणि तिथून आईबापांच्या क्रमांकापर्यंत जा.

आजीच्या नावावर जमीन असू शकते का?

असू शकते, आणि शोधणारे हे हमखास विसरतात. बायकांनी स्वतःच्या नावावर जमिनी घेतल्या आहेत. शिवाय मॉरिशसमध्ये वारसाहक्काला हिंदू कायदा लागला नाही, नेपोलियनची नागरी संहिता लागली. म्हणजे कायदेशीर लग्नाच्या मुलांमध्ये मुलगा-मुलगी सारखे वारस. त्याच काळात कोकणातल्या घरी भाऊ असताना मुलीला शेतीत वाटा मिळणं अशक्य होतं. तिच्याच चुलत बहिणीला तिकडे मिळत होता.

अडचण दुसरीकडे होती. देवाब्राह्मणांसमोर लागलेलं लग्न सरकारदरबारी नोंदवलेलं नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते लग्न नव्हे, आणि मुलं औरस नव्हेत. मुलांचा हिस्सा घटे, बायकोचा हक्क तर उरतच नसे. दस्तांत चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे 'अविवाहित' लिहिलेलं पाहून काही जण दुखावतात. त्यात तिचा कमीपणा नाही. तिचं लग्न त्या कायद्याने पाहिलंच नाही. शोध घेताना मात्र तिला तिच्या स्वतःच्या नावाने आणि क्रमांकाने शोधा, नवऱ्याच्या नावाखाली ती सापडणार नाही.

दस्त आमच्याकडे आहे, पण जमिनीवर दुसऱ्याचा ऊस उभा आहे. हे कसं झालं?

बहुधा 'प्रेस्क्रिप्सियाँ'ने. आपल्याकडे बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याने खासगी मालकाचा हक्क बुडतो, तसं तिथे तीस वर्षं उघड, अखंड, मालक म्हणून वहिवाट केली की जमीन वहिवाटणाऱ्याची होते. 1958 च्या कायद्याने त्याची रीत ठरवली: साक्षीदारांचं शपथपत्र, सर्वेअरचं निवेदन, मग नोंदणी.

कायदा सगळ्यांना सारखा होता, पण त्याचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्याच्याकडे सर्वेअर, वकील आणि फ्रेंच जाणणारा कारकून, तो तीस वर्षं मोजत बसू शकत होता. ज्याला सही येत नव्हती, ज्याची भावंडं चार गावांत पांगली होती, त्याला जमीन गेल्याचं कळलं तेव्हा उशीर झालेला असे. 2009 मध्ये मॉरिशसने सत्य व न्याय आयोग नेमला. दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन त्याचे अध्यक्ष होते. गुलामगिरी आणि करारी मजुरीच्या परिणामांसोबत जमिनी गेल्याच्या तक्रारीही त्या आयोगापुढे मोठ्या संख्येने आल्या. नोव्हेंबर 2011 मध्ये आलेल्या अहवालाचे जमिनीवरचे भाग जरूर वाचा. आपल्यासारख्याच इतरांच्या हकिगती वाचल्या की स्वतःच्या कागदांत काय शोधायचं ते कळतं.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे त्या शेताच्या नावे कधी असं शपथपत्र नोंदलं गेलं का, हे रजिस्ट्रार जनरलकडे पाहणं. असेल तर त्यातली चतुःसीमा आणि क्षेत्र तुमच्या दस्ताशी ताडून बघा. पुढचा निर्णय तिथल्या वकिलाला विचारूनच घ्या. दावा ही वेगळी लढाई आहे.

समुद्रकाठची जमीन?

किनाऱ्यालगत पन्नास 'भौमितिक पावलं', म्हणजे 81.21 मीटरचा पट्टा, 'पा जेओमेत्रिक' म्हणून सरकारी राखीव आहे. तो भाडेपट्ट्याने मिळतो, विकत नाही. तिथल्या घराचा कागद खरेदीखत नसून पट्टा असणार.

दस्तावर 'सातवं साल' अशी तारीख आहे. हे कसलं साल?

फ्रेंच क्रांतीची कालगणना. पहिलं साल 22 सप्टेंबर 1792 ला सुरू झालं, म्हणजे सातवं 1798-99. 1805 नंतर ती बंद झाली. रकमा आधी लिव्र आणि पियास्त्रमध्ये, मग पौंडांत, आणि 1876 च्या आदेशानंतर रुपयांत.

मळ्याचं नाव माहीत आहे. तेवढ्यावर सापडेल?

अवघड आहे. 'मों देझिर', 'बेल एर', 'ल्युनियों' अशी नावं बेटावर ठिकठिकाणी होती. नावासोबत जिल्हा लागतोच: पाँप्लमूस, फ्लाक, ग्राँ पोर, सावान, मोका, जो असेल तो. मळे एकमेकांत मिसळले की जुनं नाव कागदावरून जातं आणि लोकांच्या बोलण्यात, बसथांब्यावर किंवा वस्तीच्या नावात उरतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारा. देक्युबने 1880 मध्ये केलेल्या नकाशावर त्या काळचे मळे दिसतात. जमिनी विकल्या जायच्या अगदी आधीचं चित्र म्हणून मी तोच आधी उघडते. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पंचांगवजा वार्षिकांत मळ्यांच्या याद्या, मालक आणि व्यवस्थापकही मिळतात.

मुंबईत काही सापडेल का?

जमिनीचं नाही, माणसाचं सापडू शकतं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरांत मजूर पाठवण्याचा पत्रव्यवहार असतो. तिथे नाव शोधताना जुन्या मराठी कागदांची रीत आठवा: 'सखाराम बिन बापू' म्हणजे बापूचा मुलगा, 'सगुणा कोम रामा' म्हणजे रामाची बायको. गावाकडे मात्र वेगळीच तपासणी होऊ शकते. गावच्या जुन्या फेरफारांत 'परागंदा' किंवा 'ठावठिकाणा नाही' असा शेरा असलेला भाऊ आहे का ते बघा. मी दोनदा तिकडचा माणूस इकडच्या अशा शेऱ्यात गाठला आहे.

साखळी मधेच तुटली. आता?

चार ठिकाणी तुटते, म्हणून त्या चारही जागा पाहायच्या. मालक वारला आणि वारसांनी दस्त केलाच नाही, तर मृत्युनोंद आणि मृत्यूनंतरची यादी बघा. कर्जापायी जप्ती आली असेल तर दस्त नोटरीकडे नसून सर्वोच्च न्यायालयाच्या लिलावाच्या कागदांत असेल. जमिनींची अदलाबदल झाली असेल तर 'विक्री'खाली ती सापडणार नाही, अदलाबदलीच्या दस्तांत शोधा. आणि मळा मर्यादित कंपनीच्या नावे गेला असेल तर त्यानंतर मालक कितीही बदलले तरी जमिनीचा दस्त होत नाही, फक्त शेअर हातोहात फिरतात. तिथे कंपनीचे नोंदणी-कागद लागतात.

जाण्याआधी प्रत्येक ठिकाणी वेळ, पत्ता आणि कोणतं दप्तर वाचायला खुलं आहे हे विचारून घ्या. जुनी पानं हाताळायला देत नाहीत तेव्हा वाद घालू नका, त्यांचंही बरोबर असतं. सोबत पेन्सिल, वही आणि एक लांब तक्ता ठेवा: डावीकडे साल, मग नोटरी, विकणारा, घेणारा, त्यांचे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, आणि शेवटचा रकाना रिकामा. त्या रकान्यात मी त्या वेळी त्या जमिनीवर राबणाऱ्यांची जी नावं सापडतील ती लिहिते. काही ओळींत तो अजून रिकामाच आहे.